सोनी हँडीकॅम सीएक्स४०५: एचडी असूनही चित्र धुरकट का?

डब्यावर १९२० बाय १०८० (चित्रातल्या ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची संख्या) छापलेलं आहे आणि ते खोटं नाही. पण आत सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, १/५.८ इंचाचा, म्हणजे कर्णात जेमतेम तीन मिलिमीटर. उन्हात चित्र छान येतं. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र प्रकाश कमी पडतो, कॅमेरा गेन वाढवतो, म्हणजे सिग्नल जबरदस्तीने उजळतो आणि चित्रात दाणे येतात, मग ते दाणे पुसायला जातो आणि दाण्यांबरोबर शालूची जरही पुसून टाकतो. त्यात झूम! पूर्ण झूमला लेन्स एफ १.८ वरून ४ वर जाते (एफचा आकडा वाढला की लेन्सचं भोक लहान), म्हणजे प्रकाश साधारण पाचपट घटतो. मागच्या रांगेतून ३० पट झूम करण्यापेक्षा उठून पुढे जा. डिजिटल झूम चित्र नुसतं ताणतो, तो तर बंदच ठेवा.

दुसरी गोम फाइल फॉरमॅटची. एमपी४ निवडलंत तर रेकॉर्डिंग ७२०पीच (१२८० बाय ७२०) होतं. एव्हीसीएचडी फॉरमॅटमध्ये ५०आय (इंटरलेस, म्हणजे चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांत) घेतलंत तर लॅपटॉपवर हलत्या हातांच्या कडा कंगव्यासारख्या फाटतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डीइंटरलेस (ते अर्धे भाग जुळवण्याची सोय) सुरू केलं की त्या सावरतात. त्यापेक्षा मेनूत जाऊन एक्सएव्हीसी एस फॉरमॅट, ५०पी (सेकंदाला ५० पूर्ण चित्रं), ५० एमबीपीएस (सेकंदाला साठणारा डेटा, मेगाबिटमध्ये) लावा. त्यासाठी क्लास १० चं (क्लास म्हणजे लिहिण्याचा वेग) मायक्रोएसडीएक्ससी मेमरी कार्ड लागतं. ६४ जीबीत अडीच तासांच्या आसपास मावतं.

आणि लेन्सवरचा बोटाचा ठसा आधी पुसा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

शाळेचं मैदान, सहल, बागेतला वाढदिवस यासाठी कॅमेरा चांगला. रात्रीच्या वरातीसाठी घेऊ नका.