व्हेनेझुएलाचा निकाल: टेलेसूर की एपी?

तिथल्या २८ जुलै २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीवर लिहायचंय, बातमी कुणाची धरू, असं भाचीनं विचारलं.

आधार बघ. तिथल्या सरकारी पैशावरच्या टेलेसूर वृत्तवाहिनीकडे निवडणूक मंडळाची घोषणा: तेव्हाचे अध्यक्ष मादुरो यांना ५१ टक्के मतं. केंद्रनिहाय आकडे मंडळानं दिलेच नाहीत. पडताळणार काय, कपाळ? एपी, म्हणजे असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था; तिनं विरोधकांनी जाहीर केलेल्या सुमारे २४,००० निकालपट्ट्यांची छायाचित्रं तपासली. निकालपट्टी म्हणजे मतदान यंत्रातून निघणारी लांबलचक कागदी पट्टी, तिच्यावर क्यूआर कोड. त्यातल्या मतांची बेरीज: विरोधी उमेदवार गोन्झालेस ६८ लाखांवर, मादुरो ३१ लाख. पट्ट्या अस्सल आहेत याची खात्री आपण स्वतंत्रपणे करू शकलो नाही, हेही एपीनं सांगून टाकलं. मला तेच जास्त पटलं.

मेहनत? एपीचं विश्लेषण समजून घेणं किचकट आहे.

सरकारची बाजू जशीच्या तशी हवी तर टेलेसूर. मतं कुणाला पडली हे लिहायचं तर एपी.