नॉर्वेची किनारी जहाजसेवा: देवमासे बघायला कितपत उपयोगी?

दक्षिणेच्या बर्गनहून पार उत्तरेच्या किर्केनेसला जाऊन परत यायला बारा दिवस लागतात. वाटेत ३४ बंदरं आहेत आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. १८९३ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत माल आजही चढतो-उतरतो. प्राणी बघायला तिकीट काढणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी: देवमासा दिसला म्हणून हे जहाज थांबत नाही. १५ नॉटचा वेग म्हणजे मिनिटाला सुमारे ४६० मीटर. घोषणा ऐकून, जॅकेट चढवून डेकवर यायला तीन मिनिटं लागली, तर तो जवळजवळ दीड किलोमीटर मागे पडलेला असतो. दिसतं ते आधीपासून बाहेर उभ्या असलेल्यालाच.

सगळ्यात भरवशाचा टप्पा उत्तरेकडे जाताना बोडो बंदर सोडल्यावरचा. दुपारनंतर जहाज वेस्टफ्योर्ड हा रुंद उपसागर ओलांडून लोफोटेन बेटांना जातं, त्यात तीन-चार तास उघडा समुद्र मिळतो. उन्हाळ्यात उजेडाची चिंता नसते. इथे मिंकी देवमासा दिसू शकतो, पण त्याचा फवारा जवळजवळ दिसतच नाही आणि बुडताना तो शेपटी वर काढत नाही. काळी पाठ, मागच्या बाजूला आकड्यासारखा वाकलेला पर, दोन-तीन वेळा वर येणं आणि संपलं. हार्बर पोरपॉइज हा डॉल्फिनसारखा प्राणी त्याहून लहान, जेमतेम दीड मीटरचा. तो उड्या मारत नाही, चाक फिरावं तसा पाण्यातून गोल वर येऊन जातो. लाटांवर पांढरा फेस दिसू लागला की त्याला शोधणं सोडून द्यावं. एकाच जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारणारे पक्षी दिसले, तर दुर्बीण तिकडे वळवा. खाली मासळीचा थवा असतो आणि त्यामागे बहुतेक वेळा आणखी कोणीतरी.

परतीच्या प्रवासाला लोक कमी लेखतात, ते चुकीचं आहे. जाताना रात्री मागे पडलेला व्हेस्टरोलेन बेटं आणि राफ्टसुंड सामुद्रधुनीचा पट्टा येताना दिवसा लागतो. पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड बघायला याहून सोयीची जागा या मार्गावर नाही. पंखांचा पसारा २.४ मीटरपर्यंत, उडताना फळीसारखे सपाट. पांढरी शेपटी फक्त प्रौढ पक्ष्याची. पिल्लं काही वर्षं गडद तपकिरीच राहतात, म्हणून ‘शेपटी पांढरी नाही’ एवढ्यावर नकार देऊ नये. काठावरचे खडक आणि दिव्यांचे खांब तपासत राहा. तो तासन्‌तास बसून असतो.

ओर्का आणि हंपबॅक या देवमाशांसाठी मात्र या सेवेवर विसंबू नका. नोव्हेंबर ते जानेवारीत हेरिंग मासळीच्या मागोमाग ते शेर्वॉय बंदराजवळच्या फ्योर्डांत (जमिनीत शिरलेल्या अरुंद खाड्यांत) येतात, आणि जहाज शेर्वॉयला जाता-येता दोन्ही वेळा अंधारात पोहोचतं. ट्रॉम्सोचा थांबा सुमारे चार तासांचा. तिथून देवमाशांची सफर त्यात बसत नाही. ट्रॉम्सोत किंवा शेर्वॉयला उतरून दोन रात्री राहावं. एकच ठेवली आणि वाऱ्यामुळे बोट रद्द झाली, तर संधी हुकते. स्पर्म देवमाशासाठी रिसोयहामनला उतरून आंदेनेस गाठावं. तिथे खोल समुद्री दरी किनाऱ्याच्या अगदी जवळ येते, म्हणून हे देवमासे वर्षभर सापडतात. त्याचा फवारा पुढे आणि डावीकडे कललेला असतो. एकदा पाहिला की ओळख विसरत नाही.

पफिन या समुद्रपक्ष्यासाठी होनिंग्सवोगला उतरून येस्वेर गाठावं आणि तिथून पक्ष्यांच्या बेटांकडे जाणारी बोट घ्यावी. हंगाम एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतच असतो, त्यानंतर पफिन बेटं सोडून जातात.

दुर्बीण ८×४२ पुरे. १२ पटीची घेतली तर इंजिनाच्या थरथराटात चित्र स्थिर राहत नाही. कॅमेऱ्याला १००–४०० मिमीची लेन्स आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहून संथ नसलेला शटर. पॅनोरामा लाउंजमधून फोटो काढू नयेत, काचेतलं प्रतिबिंब सगळं बिघडवतं. जहाजाच्या वेगामुळेच ताशी २८ किलोमीटरचा वारा लागतो, तेव्हा नाळेच्या टोकाऐवजी बाजूच्या डेकवर, आडोशाला आणि शक्यतो सूर्य पाठीशी घेऊन उभं राहावं. बदली बॅटरी आतल्या खिशात ठेवा. वेस्टफ्योर्डमध्ये आणि उत्तर केप या भूशिराच्या पूर्वेला जहाज हलतं. उलटीची गोळी तिथे पोहोचण्याआधी तासभर घ्यावी.

केबिनवर जास्तीचा खर्च करण्यात अर्थ नाही, कारण निरीक्षण डेकवरच होतं. काही खिडक्यांपुढे तर बचावनौकाच टांगलेली असते. बारा दिवस नसतील तर फक्त बोडो ते लोफोटेनमधलं स्वोल्वेर एवढंच, बिनकेबिनचं तिकीट काढता येतं. आणि पूर्ण फेरी केलीच, तर दक्षिणेकडे येताना व्हार्डोच्या थांब्यात डेक सोडू नका. समोरच्या हॉर्नोया बेटाच्या कड्यांवर मार्चपासून गिलमॉट हे समुद्रपक्षी बसू लागतात, आणि हिवाळ्याच्या शेवटी बंदराच्या पाण्यातच किंग आयडर हे समुद्री बदक पोहताना सापडू शकतं.