टेपचा चिकटा काढायचा कशाने: खोबरेल, टर्पेंटाइन की स्पिरिट?

१९८२च्या एशियाडसोबत रंगीत दूरदर्शन आलं, तरी सरकत्या शटरचा कृष्णधवल टीव्ही नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात चार पायांवर तसाच उभा होता. घर बदलताना शटर उघडू नये म्हणून आम्हीच त्याला खाकी टेप मारली आणि दोन उन्हाळे विसरून गेलो. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत टेपचं वरचं प्लॅस्टिक तडकून सुटलं, चिकटा मात्र टीव्हीच्या लाकडी पेटीवरच राहिला. त्यावर धूळ बसून काळी रेघ तयार झाली.

घरात प्रत्येकाचा उपाय वेगळा. काकू म्हणाल्या खोबरेल, भाचा म्हणाला नेलपेंट रिमूव्हर. ओळखीचे एक पॉलिशवाले आले, त्यांनी पेटीची मागची बाजूच आधी पाहिली. "भाऊ, डाग राहू द्या. खाली पॉलिश कोणती हाये, ते पाहा."

सगळा निर्णय इथेच आहे. जुन्या पेट्यांवर बहुधा स्पिरिट पॉलिश असते. म्हणजे आपल्याकडच्या पळस-बोरीवर वाढणाऱ्या लाखेचा चपडा, स्पिरिटमध्ये विरघळवलेला. जे स्पिरिटमध्ये विरघळलं ते स्पिरिटने पुन्हा विरघळणारच. म्हणून मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा. अर्ध्या-एक मिनिटात जागा चिकट झाली तर चपडा समजा. काहीच झालं नाही तर तसाच थेंब थिनरचा. त्याने पृष्ठभाग मऊ पडला तर ते लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारी पॉलिश. काही पेट्या तर लाकडाच्या नसतातच, लाकडाची नक्षी छापलेला प्लॅस्टिकचा कागद वर चिकटवलेला असतो. त्यावर थिनर किंवा नेलपेंट रिमूव्हर म्हणजे नक्षीच पुसून टाकणं.

खोबरेल सगळ्यांत निरुपद्रवी. कापसाने लावा, वीसेक मिनिटं थांबा, चिकटा फुगून मऊ होतो. ताज्या चिकट्यावर छान चालतं. दोन उन्हाळे भाजून कडक झालेल्या रेघेवर मात्र तीन-तीन वेळा लावूनही अर्धंच निघालं. शिवाय पॉलिश जिथे उडालेली आहे तिथे तेल लाकडात मुरून काळा डाग पडतो, तो पुढच्या पॉलिशलाही आडवा येतो. विदर्भात घरोघरी जवसाचं तेल असतं म्हणून ते मात्र वापरू नका. जवस वाळून स्वतःच चिकट थर होतं, आणि त्याचा बोळा चुरगाळून टाकला तर आपोआप पेट घेऊ शकतो.

टर्पेंटाइन, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं साधं मिनरल टर्पेंटाइन, चपड्याला सहसा धक्का लावत नाही आणि टेपचा रबरी चिकटा सोडवतं. माझी पसंती यालाच. मऊ फडक्याला थोडंसं लावून चिकट्यावर टेकवा, दोन मिनिटांनी जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने लाकडाच्या रेषांच्या दिशेने खरवडा. ब्लेड नको. वास डोक्यात जातो, म्हणून गॅलरीत काम करा. याचीही आधी मागे चाचणी घ्याच.

हेअर ड्रायर हाही पर्याय आहे, चिकटा ऊबेने पटकन सैल होतो. पण चपडा साधारण ७५ अंशांना मऊ पडतो, आणि जुन्या व्हिनियरखालचा, म्हणजे वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याखालचा, सरसही ऊबेने सुटतो. वापरायचाच तर हातभर अंतरावर, सतत फिरवत ठेवा. टर्पेंटाइन लावलेलं असताना तर मुळीच नको, त्याची वाफ पेटते.

स्पिरिट आणि नेलपेंट रिमूव्हर सर्वांत वेगवान, आणि चपड्यावर सर्वांत घातक. भाच्याचं ऐकून मी एका कोपऱ्यात रिमूव्हर लावलाच. चिकटा दहा सेकंदांत गेला, त्याबरोबर पॉलिशही. रुपयाएवढा फिकट ठिपका आजही दिसतो. चपडा नाही याची खात्री असेल, वर मेलामाइनची, म्हणजे स्पिरिटने न विरघळणारी पक्की पॉलिश असेल, तर स्पिरिट चालतं.

काहीही वापरा, प्लग काढलेला हवा आणि पातळ पदार्थ मागच्या जाळीतून आत जाता कामा नये. पिक्चर ट्यूब बंद टीव्हीतही बराच काळ उच्च दाबाची वीज धरून ठेवते, म्हणून मागचं झाकण स्वतः उघडू नका.

चिकटा गेल्यावरही टेपखालची पट्टी वेगळ्या रंगाची दिसेल, कारण तिथे ऊन आणि धूळ लागलेली नसते. ती घासून जात नाही. चपड्याचं एक बरं आहे: नवा थर जुन्यात मिसळतो, त्यामुळे सगळी पेटी तासावी लागत नाही, तेवढाच भाग करून घेता येतो. आमच्या पॉलिशवाल्यांनी दिवाळीनंतर यायचं कबूल केलंय, कारण पावसाळी दमटपणात लावलेला चपडा पांढुरका पडतो.