इंग्लंडमधलं विल्टशायर: एव्हबरीसाठी अख्खा दिवस ठेवाच

मडगावच्या आमच्या टूरवाल्याने स्टोनहेंजला जेमतेम दीड तास दिला, याचा राग अजून गेलेला नाही. सुमारे ४५०० वर्षांपूर्वीचे ते दगड दोरीपलीकडून बघायचे, त्यात घाई! सॉल्झबरीच्या कॅथेड्रलचा १२३ मीटरचा मनोरा तर बसमधूनच पाहिला.

पण एव्हबरी! जगातलं सगळ्यात मोठं दगडी वर्तुळ, आत चक्क गाव वसलेलं, दगडांमध्ये मेंढरं चरताहेत. इथे दोरी नाही. मी तळवा टेकवला. थंडगार, खरखरीत, अंगावर पिवळसर दगडफूल धरलेलं. आपल्या गोव्यातल्या उसगाळीमळला कुशावती नदीकाठी जांभ्यात कोरलेलं चक्रव्यूह बघताना झालं होतं तसंच काहीतरी झालं, डोळे भरून आले. टूर घेऊ नका, स्विंडनहून साधी बस मिळते.