फोनला अक्षर पाठवणारं पेन मागवताय? आधी कागद विचारा

सध्या मोबाईलवर एक जाहिरात फिरतेय. एक हात वहीत लिहितोय, शेजारी ठेवलेल्या फोनवर तेच अक्षर जसंच्या तसं उमटतंय, एक बटण दाबलं की पान व्हॉट्सअ‍ॅपवर रवाना. किंमत २,४९९, वर "फक्त आजच्यासाठी". ते पेन आम्ही मागवलं, पैसे गेले, आणि वर परत करतो म्हणून आणखी काढायचा प्रयत्न झाला, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागवलं काकांसाठी. काका आमचे गावाला असतात, कुडाळपासून जवळच, प्राथमिक शिक्षक होते, अक्षर अजून छापल्यासारखं. गणपतीत भजनाच्या पाळ्या, देवळाची वर्गणी, जत्रेचा हिशोब, सगळं त्यांच्या हातचं. चाकरमान्यांना हे सगळं मुंबईत आधी कळायला हवं असतं, आणि काकांना फोनवर टाईप करणं म्हणजे शिक्षा. ते पानाचा फोटो काढून पाठवतात, त्यात अर्ध्या पानावर त्यांच्याच डोक्याची सावली, मग ग्रुपवर चार जण विचारणार "काका, तिसरी पाळी कोणाची?" तेव्हा ही जाहिरात बघून घरात सगळ्यांनाच वाटलं की ही वस्तू काकांसाठीच काढलीय.

आणि अशी वस्तू खरंच असते, हे महत्त्वाचं आहे, कारण फसवणारा त्याच्यावरच जगतो. स्वीडनच्या अनोटो कंपनीचं हे तंत्र पंचवीसेक वर्षं जुनं आहे. सोनी एरिक्सन आणि नोकियाने तेव्हाच अशी पेनं काढली होती, लिहिलेलं ब्लूटूथने फोनवर जायचं आणि तिथून एमएमएस व्हायचा. २००८ ला लाईव्हस्क्राईबचं पेन आलं, ते लिहिताना आवाजपण रेकॉर्ड करायचं. पण यातली खरी गंमत पेनात जेवढी आहे तेवढीच कागदात आहे. त्या कागदावर बारीक ठिपके छापलेले असतात, साधारण ०.३ मिलिमीटर अंतरावर, आणि प्रत्येक ठिपका आपल्या जागेवरून वर, खाली, डावीकडे नाहीतर उजवीकडे किंचित सरकवलेला असतो. पेनच्या टोकाशी छोटा इन्फ्रारेड कॅमेरा असतो, तो सेकंदाला पन्नास-पंचाहत्तर फोटो काढत जातो आणि ठिपके कसे सरकलेत त्यावरून ओळखतो की आपण कुठल्या पानावर कुठे आहोत. शाईसुद्धा अशी की त्या कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणजे तुमचं अक्षर ठिपक्यांच्या आड येत नाही. साध्या डोळ्यांना तो कागद फक्त जरा मळकट राखाडी दिसतो, बस.

आता आमच्याकडे काय आलं ते सांगतो. नोंदणीसाठी ४९९ यूपीआयने आधी, उरलेले २,००० पार्सल आल्यावर रोख. कुरियरवाला पोरगा म्हणाला आधी पैसे, मग खोला, त्याला तसंच सांगितलेलं असतं, त्याच्याशी भांडून काही होत नाही. आत एक जाडजूड काळं पेन, चार्जिंगची वायर आणि एक "स्मार्ट वही". पेनवर निळा दिवा लागतो, फोनला ब्लूटूथवर सापडतंपण, त्यामुळे पहिल्यांदा वाटलं चाललंय. मग काकांनी "श्री" लिहिलं आणि आम्ही सगळे फोनकडे बघत बसलो. काही नाही. उलट फोनवरचा कीबोर्डच गायब झाला, काकी म्हणाली फोन बिघडवलास मेल्या. काकांनी पेन उलटसुलट करून बघितलं आणि निकाल दिला, "लिवता बरा, पन फोनात काय एक जाणा नाय."

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे कागदावर काय छापलंय ते बघायची सवय आहे. वही दुकानात नेली, भिंगाखाली धरली. ठिपके होते, पण पाच-पाच मिलिमीटरवर, एकदम सरळ रेषेत, एकही इकडे-तिकडे सरकलेला नाही, आणि प्रत्येक पान डिट्टो दुसऱ्यासारखं. म्हणजे मुली डायरी सजवायला ठिपक्यांची वही घेतात ना, ती. स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळते. पेनचं टोक उघडलं तर कॅमेरा सोडाच, कॅमेऱ्याला भोकपण नाही, साधी रिफील. टोपणाकडे जे बटण होतं ते दाबलं की फोनचा आवाज वाढत होता, आणि कॅमेरा उघडून दाबलं तर फोटो निघत होता. सेल्फी स्टिकसोबत ते ब्लूटूथचं बटण येतं ना, तेच आत बसवलंय. फोन त्याला कीबोर्ड समजतो, म्हणून स्क्रीनवरचा कीबोर्ड जात होता. डोकं लावलंय हे मानावं लागेल, दिवा लागतो, फोनला जोडलं जातं, म्हणजे गिऱ्हाईक दोन दिवस तरी स्वतःच्याच फोनला दोष देत बसणार.

त्यांच्या नंबरवर फोन केला तर बाई अगदी गोड बोलली, "सर, तुमचं अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हेट झालेलं नाही." आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक एपीके फाईल पाठवली, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट फोनवर टाकायचं अ‍ॅप. प्ले स्टोअरवर का नाही विचारलं तर म्हणे "नवीन आहे ना सर". दुकानात एक बिनसिमचा जुना फोन पडलेला असतो त्यावर टाकून बघितली. ब्लूटूथ मागितलं, ठीक. लोकेशन मागितलं, तेपण समजू शकतो, जुन्या अँड्रॉइडवर ब्लूटूथची वस्तू शोधायला ते लागतं. मग एसएमएस वाचायची परवानगी मागितली. पेनला माझे एसएमएस कशाला हवेत? ओटीपी एसएमएसनेच येतात, एवढंच लक्षात ठेवा. कोणाकडून अशी फाईल तुमच्या रोजच्या फोनवर टाकली गेली असेल तर पहिलं नेट बंद करा, आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा.

यानंतर खरा डाव. पार्सलवर नंबर काकांचा होता, म्हणून चार दिवसांनी फोन काकांना. "काका, तुमचे पैसे रिफंड करतोय, क्यूआर पाठवलाय, फक्त स्कॅन करा आणि पिन टाका." माणूस मराठीच बोलत होता, काका काका करून, वयस्कर माणसाला बरं वाटेल असं. काका म्हणाले, "माका पैशे तू देतस, मगे पिन माझो कित्याक होयो?" तो म्हणाला सिस्टीम तशीच आहे. काका म्हणाले, मगे मनीऑर्डर कर. फोन कट.

यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण "रिफंड" शब्द ऐकला की माणूस जरा सैल होतो, कारण आधीच पैसे गेलेले असतात आणि ते परत हवे असतात. हा फोन सगळ्यांना येत नाही, ज्यांनी त्यांच्या नंबरवर तक्रार केली त्यांना येतो, हे आमच्या ओळखीच्या आणखी एका माणसाबरोबर झाल्यावर कळलं. त्याने मालवणात तसलंच पेन मागवलं होतं, मुलीच्या क्लासच्या नोट्ससाठी.

सरकारकडे तक्रार केली. सायबर फसवणुकीची हेल्पलाईन १९३० वर फोन आणि सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर अर्ज, तिथे यूपीआयचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारतात, तो आपल्या अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. ४९९ चा माग त्याच्यावरून निघतो. रोख दिलेल्या २,००० चं काम अवघड, पार्सलच्या लेबलवर विकणाऱ्याचं नाव नाही, कुठल्यातरी गोदामाचा पत्ता. तरी लेबल फेकू नका, त्यावरचा कुरियरचा नंबर तक्रारीत टाकता येतो. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरपण नोंद केलीय. अजून पैसे आलेले नाहीत, अर्ज "अंडर प्रोसेस" दाखवतोय.

ज्यांना खरंच असं पेन घ्यायचंय त्यांनी विकणाऱ्याला पेनबद्दल काही विचारू नका, त्यावर त्याची उत्तरं पाठ असतात. कागद संपला की नवी वही कुठे मिळणार आणि केवढ्याला, हे विचारा. तो म्हणाला कुठलाही कागद चालतो, तर विचारा मग खाली ठेवायची पाटी आहे का कागदाला लावायचा क्लिपसारखा रिसीव्हर आहे, कारण साध्या कागदावर चालणाऱ्या पेनांना बहुतेक यातलं एक काहीतरी लागतंच. आमच्या बाईला मी हे नंतर मुद्दाम विचारलं, ती म्हणाली "सर, सीनियरना विचारून सांगते", आणि ब्लॉक केलं.

काकांना आता गुगल ड्राईव्हमधलं स्कॅन शिकवलंय, फुकट आहे, पान सरळ करून देतं आणि सावलीपण बरीच जाते. जाहिरातीचं ते पेज बंद झालं, पण तोच व्हिडिओ, तोच हात, कोपऱ्यातला लोगो तसाच पुसट केलेला, दुसऱ्या नावाने परत आलाय. आता किंमत १,९९९ आहे आणि नोंदणीचे २९९ मागतायत.