भावाला काम मिळालं आणि टिकलंयसुद्धा
धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. सिंहगड रोडवरच्या, मानसिक आजार असलेल्यांच्या या पुनर्वसन सेंटरचं भारी काय, तर ट्रेनिंगच्या नावाखाली वर्षभर नुसत्या मेणबत्त्या करत बसवत नाहीत, सरळ पगाराचं काम शोधतात आणि लागल्यावरही पाठ सोडत नाहीत (चांगल्या अर्थाने!). रात्रीच्या ओलान्झापिनच्या (या आजारावरचं औषध) गोळीमुळे याचे सकाळी डोळेच उघडत नाहीत तर सेंटरच्या मॅडमनी स्वतः मालकाशी बोलून ड्युटी अकराची करून घेतली, आता मसाल्याची पाकिटं वजन करून सील करतो, एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही. यूडीआयडी कार्डाचंही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नीट सांगतात, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो, सरकारी नोकरीतल्या दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणात वाटा आहे, हे कितीजणांना माहितीये? फोन मात्र पटकन उचलत नाहीत आणि पार्किंगचं तर नावच काढू नका. चार स्टार.