प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस चालू ठेवून अभ्यासिकेचं नेटवर्क: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निष्कर्ष सांगते. नेटवर्क नीट चालावं म्हणून फोनमधलं ‘प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस’, म्हणजे वाय-फायला फोनचा खरा ओळख-पत्ता न दाखवता खोटा दाखवणारं सेटिंग, बंद करायची गरज नाही. कुणी बंद करायला सांगत असेल तर दुरुस्ती त्याच्या नेटवर्कला हवी आहे. सदाशिव पेठेतल्या माझ्या मामांच्या अभ्यासिकेचं वाय-फाय मी सांभाळते. एमपीएससीची तयारी करणारी मुलं-मुली सकाळी दार उघडल्यापासून रात्री उशिरापर्यंत ते वापरतात. पावसाळ्यापासून आम्ही हे सेटिंग सगळ्यांकडे चालू ठेवूनच काम चालवतोय, त्यामुळे हे लिहिते आहे.

वाय-फायच्या प्रत्येक उपकरणाला कारखान्यातूनच एक मॅक अ‍ॅड्रेस मिळतो: ४८ बिट, म्हणजे १२ अंक-अक्षरं. त्यातल्या पहिल्या सहांवरून साधारणपणे कंपनी कळते. गोम अशी की हा पत्ता हवेतून उघडा जातो. डब्ल्यूपीए-३ सारखी पक्की सुरक्षा असली तरी आतला मजकूर तेवढा झाकला जातो, पत्ता झाकला जात नाही. त्यामुळे नेटवर्कला न जोडलेला माणूसही बाहेर बसून कोणता फोन कधी आला, कधी गेला याची नोंद ठेवू शकतो. २०१३ साली लंडनच्या सिटी भागात रस्त्यावरच्या कचराकुंड्यांमध्ये अशी यंत्रं बसवली होती. जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फोन त्या टिपत होत्या. गाजावाजा झाल्यावर तिथल्या कॉर्पोरेशनने ते थांबवायला लावलं.

यावर उपाय म्हणून फोन खोटा पत्ता वापरू लागले. अ‍ॅपलने २०१४ मध्ये, आयओएस ८ पासून, आधी फक्त नेटवर्क शोधताना तो वापरायला सुरुवात केली. पुढे अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा पत्ता, तोही आपोआप चालू. आयओएस १८ मध्ये ऑफ, फिक्स्ड आणि रोटेटिंग असे तीन पर्याय आले. फिक्स्डमध्ये त्या नेटवर्कपुरता एकच खोटा पत्ता राहतो, रोटेटिंगमध्ये साधारण दोन आठवड्यांनी पत्ता बदलतो, आणि पासवर्ड नसलेल्या किंवा कच्च्या सुरक्षेच्या नेटवर्कवर फोन आपणहून रोटेटिंगच निवडतो.

आमचं घोडं तिथेच अडलं. अभ्यासिकेचं नेटवर्क तेव्हा बिनपासवर्डाचं होतं. जोडल्यावर एक पान उघडायचं, त्यात मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी यायचा आणि तो फोन मॅक अ‍ॅड्रेसवरून कायमचा नोंदला जायचा. एका मेंबरला दोन उपकरणं, एवढी मर्यादा. दोन आठवडे झाले की आयफोनचा पत्ता बदलायचा, यंत्रणेला वाटायचं तिसरंच उपकरण आलं, आणि ‘डिव्हाइस लिमिट संपली’ असा निरोप. विंडोजच्या लॅपटॉपमध्ये पत्ता रोज बदलायचा पर्याय आहे. एका मुलीने तो लावलेला होता, तिचं तर रोज सकाळी हेच. अँड्रॉइडवाल्यांना त्रास जवळपास नव्हता, कारण तिथे एका नेटवर्कसाठी ठरलेला पत्ता सहसा टिकून राहतो, नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडलं तरीही.

यंत्रणा बसवून देणाऱ्याचा सल्ला सरळ होता: भिंतीवर कागद चिकटवा, ‘प्रायव्हेट अ‍ॅड्रेस बंद करा’. मामांनाही ते पटलं होतं. मी ठाम नाही म्हटलं. अभ्यासिकेत निम्म्याहून जास्त मुली आहेत, बऱ्याच जणी गावाहून येऊन एकट्या खोली करून राहतात. इथे खरा पत्ता, मेसच्या वाय-फायवरही खरा, क्लासमध्येही खरा, म्हणजे तीन ठिकाणच्या नोंदी जोडून एखादीचा अख्खा दिवस कुणालाही मांडता येईल. आमची मर्यादा मोजायची सोय व्हावी म्हणून त्यांनी ही किंमत का मोजायची?

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. नेटवर्कला फोन ओळखायची गरजच नाही, मेंबर ओळखला की पुरे. नेटवर्कचं नाव एकच ठेवलं, पण प्रत्येक मेंबरला स्वतंत्र पासवर्ड दिला. फोन कोणत्या पासवर्डने आत आला त्यावरून मेंबर कळतो, पत्ता कोणताही असो. एका पासवर्डवर एका वेळी दोन उपकरणं. मेंबरशिप संपली की तेवढा पासवर्ड बंद, बाकीच्यांना धक्काही नाही. शिवाय एक फायदा आपसूक झाला: नेटवर्क आता पासवर्डाचं, डब्ल्यूपीए-२ सुरक्षेचं असल्यामुळे आयफोन स्वतःच फिक्स्ड निवडतात. तो पत्ता फक्त आमच्यापुरता असतो, दुसऱ्या कुठल्या नोंदीशी जुळत नाही.

तेव्हापासून ‘लिमिट संपली’ची तक्रार आलेली नाही. वेगात किंवा बॅटरीत कुणालाही फरक जाणवला नाही. रोज लॅपटॉपचा पत्ता बदलणारी ती मुलगी अजूनही रोजच बदलते आणि गुपचूप अभ्यास करते. यंत्रणेतली जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली की आता पत्त्याच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर बघायचं: २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता फोनने स्वतः तयार केलेला आहे. आमची यादी बहुतेक अशीच दिसते, आणि मला त्याचं समाधान आहे.

त्रुटीही आहेत. आमच्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर (वाय-फाय पसरवणाऱ्या यंत्रावर) स्वतंत्र पासवर्डांची ही सोय डब्ल्यूपीए-३ सोबत चालत नाही, त्यामुळे डब्ल्यूपीए-२ वर राहावं लागलंय. हे मला खटकतं. मोठ्या संस्थेने त्यापेक्षा एंटरप्राइझ पद्धत घ्यावी, म्हणजे प्रत्येकाला युजरनेम-पासवर्ड किंवा सर्टिफिकेट. विद्यापीठांतलं एज्युरोम हे वाय-फाय तसंच चालतं. दुसरं म्हणजे, पत्ता लपला तरी लॅपटॉपचं नाव लपतंच असं नाही. जोडताना विंडोज ते राउटरला सांगतो, आणि नावात आडनावासकट सगळं लिहिलेलं असेल तर यादीत ते जसंच्या तसं दिसतं. मी प्रत्येकाला ते बदलायला लावलं. नोंदीही आता मोजके दिवसच ठेवतो. आणि बाहेरच्या मोफत वाय-फायवर पत्ता बदलला की पुन्हा ओटीपी लागतो, तेवढं मात्र सोसावं.

खरा इलाज वाय-फायच्या स्टँडर्डमध्येच, म्हणजे सगळ्या कंपन्या पाळतात त्या तांत्रिक नियमांतच, यायला हवा होता, आणि तो आला आहे. ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये हे आधीपासून आहे: पत्ता बदलत राहतो, साधारण दर १५ मिनिटांनी, पण जोडी लावताना दिलेल्या किल्लीमुळे आपल्या उपकरणाला तो ओळखू येतो, परक्याला नाही. वाय-फायसाठी आयट्रिपलईचं (वाय-फायचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं) ८०२.११बीएच हे २०२४ चं स्टँडर्ड तीच गरज वेगळ्या रीतीने भागवतं. त्यात दोन वाटा आहेत. एकीत नेटवर्क फोनला एक ओळखखूण देतं आणि पुढच्या वेळी फोन ती झाकलेल्या स्वरूपात परत दाखवतो. दुसरीत फोनच आधी सांगून ठेवतो की पुढच्या वेळी मी अमुक पत्त्याने येईन. दोन्हींत बाहेर कान देऊन बसलेल्याला काही कळत नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओळख द्यायची की नाही हे फोनच्या हातात राहतं.

आमच्या अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये हे नाही. पुढची खरेदी करताना अँटेना किती आणि वेग किती याच्या आधी मी विक्रेत्याला ८०२.११बीएच चालतं का हे विचारणार आहे, आणि उत्तर लेखी घेणार आहे.